मागच्या चाकातलं ग्रीस

विन्सेंट तुस्कानोला एक खोड होती, आणि ती थेट बापाकडून आलेली. कुठलंही काम हातचं राखून करायचं नाही. खिळा ठोकायचा तर मुळापर्यंत, चहात साखर घालायची तर चमचा शिगोशीग भरून, आणि ग्रीस भरायचं तर बाहेर ओघळेपर्यंत. मेलबर्नजवळ टार्निटमधल्या त्या नव्या वसाहतीत जोराचा वारा सुटला की अर्ध्या गल्लीची कुंपणं आडवी व्हायची. याचं मात्र उभं, कारण खांब दुप्पट खोल गाडलेले. मग शनिवारी हाच बाबा ड्रिल घेऊन शेजाऱ्यांकडे हजर. माणूस सोन्यासारखा होता हो, त्यात वादच नाही. पण दोन हजार वीसच्या, कोरोनाच्या हिवाळ्यात याच खोडीने घात केला.

मूळचा हा वसईचा, भुईगावचा. मेलबर्नच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. मार्चमध्ये विमानं जमिनीवर आली आणि विन्सेंट घरी बसला. बसणारा माणूस नव्हेच तो, त्यामुळे मिळेल ते काम धरलं. लॅव्हर्टनच्या बाजूला एका गोदामात पहाटेची शिफ्ट. त्याची बायको व्हेरोनिका वेरिबीजवळच्या एका वृद्धाश्रमात केअरर होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. दोघांची शिफ्ट एकाच वेळी, दिशा उलट्या आणि गाडी एकच. गाडी विन्सेंट न्यायचा. व्हेरोनिकाला तिच्या आश्रमाच्या किचनमध्ये काम करणारी ॲन्ड्रिया जाता जाता आपल्या गाडीत उचलायची.

आणि घरात होती विन्सेंटची आई, लुर्दिनबाय. नाताळाला म्हणून आलेली, ईस्टर झाला की परत जायची होती. तेवढ्यात सगळं बंद पडलं आणि म्हातारी इथेच अडकली. जुना दमा, त्यात साखर. त्या वर्षी असल्या माणसाच्या घरात शिरताना आपल्याच श्वासाची भीती वाटायची, आठवतं ना?

जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, वृद्धाश्रमांतून बातम्या यायला लागल्या आणि व्हेरोनिकाच्या तोंडचं पाणी पळालं. आज या आश्रमात, उद्या त्या आश्रमात. तिच्या आश्रमात अजून कोणी नव्हतं, पण कधी येईल काय सांगावं! नवरा-बायकोने बसून एकच गोष्ट ठरवली. काय वाटेल ते होवो, आईपर्यंत हे पोहोचता कामा नये. व्हेरोनिका घरी आली की कपडे गॅरेजमध्ये काढायची, सरळ आंघोळीला जायची आणि मग सासूशी बोलायची तेही दारात उभी राहून, चार हात लांबून. बस नको, ट्रेन नको. ॲन्ड्रियाच्या गाडीलाही तिने हात जोडले. "रागावू नकोस गं, घरी सासू आहे." ॲन्ड्रिया म्हणाली, "नो वरीज."

मग जायचं कसं? सायकलने. विन्सेंटने हॉपर्स क्रॉसिंगच्या एका माणसाकडून जुनी गिअरची सायकल आणली. पॅडल मारायचं थांबलं की तिचं मागचं चाक छान करकरायचं. लुर्दिनबाय दिवसभर रस्त्याकडच्या खिडकीत बसलेली असायची, मांडीवर रोझरीची माळ. दुपारी कोपऱ्यावरून करकर ऐकू आली की तिचा चेहरा उजळायचा. व्हेरोनिका काचेबाहेरूनच ओरडायची, "आई, आले हं!"

"तुझे सासरे नालासोपाऱ्याच्या बाजारातून भाजी विकून यायचे ना, तेव्हा अशीच करकर यायची फाटकातून," म्हातारी सांगायची. "मी लगेच भाताखालचा विस्तव मोठा करायची."

सासूसुनेचं हे असं काचेआडचं प्रेम चाललं होतं. आता सायकल म्हटली की चिखल आला. टार्निटला अर्धे रस्ते अजून बांधून व्हायचे, जिथे तिथे खणलेलं, आणि हिवाळ्यातला तो बारीक, चिवट पाऊस. महिन्याभरात मागच्या चाकातून खरखर यायला लागली. सायकलची दुकानं उघडी होती, पण त्या वर्षी सगळं शहरच सायकलवर बसलेलं. दुरुस्तीला महिनाभराची रांग. विन्सेंट म्हणाला, "रांगेत कोण उभं राहतंय? मी काय मेलोय?"

रविवारी दुपारी, छान ऊन पडलेलं असताना, त्याने गॅरेजच्या दारात चाक काढलं आणि हब उघडला. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असलेली ती डबी, जिच्यात छऱ्यांवर चाक फिरतं. आत तपकिरी पाणी, गंज, चिखल. लुर्दिनबाय दोन गोधड्या पांघरून दारात खुर्ची टाकून बसली होती. पोराचे हात चालताना बघून तिला नवऱ्याची आठवण येत होती.

"विन्सू, तुझा बाप मृगाआधी कसं ग्रीस ठासायचा, आठवतं? म्हणायचा, पाण्याला आत शिरायला जागाच ठेवायची नाही."

"आठवतं तर! ओघळ यायचे बाहेर."

आठवत होतं, पण अर्धं. बाप ग्रीस ठासायचा ते छऱ्यांत. करकरणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये तो ग्रीस कधी घालायचा नाही, तिथे शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकायचा. पण तेल टाकणं हे काही बघण्यासारखं काम नव्हे. पोराच्या डोळ्यांत राहिलं ते बोटभर ग्रीस. आणि इथल्या सायकलीत ते फ्रीव्हील हबच्याच अंगात बसवलेलं. त्यात असतात दोन-तीन बारीक खिट्या, त्यांच्याखाली केसाएवढ्या स्प्रिंगा. पॅडल मारलं की खिट्या बाहेर येऊन आतल्या दात्यांत अडकतात, म्हणून चाक ओढलं जातं. करकरतात त्याही याच खिट्या. विन्सेंटने सगळं रॉकेलने धुतलं, पुसलं, आणि गाडीच्या चाकांना लावायचं ते जाडजूड ग्रीस डब्यातून काढून छऱ्यांत भरलं, खिट्यांतही भरलं. इतक्या मायेने भरलं की काय सांगू!

चाक बसवलं, फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. आवाज म्हणून नाही.

"अरे, करकर कुठे गेली हिची?" लुर्दिनबायने विचारलं.

"ग्रीस भरलंय आई. आता आवाज करायची हिंमत आहे तिची?"

दोघं हसली. म्हातारी एवढंच म्हणाली, "आता ही आलेली मला कळायची कशी?" विन्सेंटने ते चेष्टेवारी नेलं.

आता एक गोष्ट बघा. लुर्दिनबाय रोज सकाळी केसांना खोबरेल लावायची. भुईगावची सवय, ती काय सुटणार! आणि टार्निटच्या थंडीत खोबरेलाचा रोज दगड व्हायचा. बाटली उलटी करा, आपटा, थेंब पडायचा नाही. म्हणून विन्सेंट कामावर निघण्याआधी बाटली गरम पाण्याच्या मगात उभी करून ठेवायचा, म्हणजे आई उठेपर्यंत तेल पातळ. रोजचा नेम होता तो. रोज तो गोठलेलं तेल डोळ्यांनी बघत होता, हातात धरत होता. पण थंडीत ग्रीसचंही तेच होणार, हे काही त्या बाबाच्या डोक्यात आलं नाही. अशा वेळी डोकं कुठे शेण खातं, देव जाणे.

पुढचे काही दिवस ढगाळ होते. सायकल गुपचूप, छान चालली. मग एका पहाटे आभाळ मोकळं झालं आणि कडाक्याची थंडी पडली. गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर, गवत पांढरंफटक. व्हेरोनिका हातमोजे चढवून, मास्क लावून निघाली. वसाहत संपून मोकळी माळरानं लागतात, तिथे ती उतारावर क्षणभर पॅडल मारायची थांबली. पुन्हा पाय चालवले तर पॅडल नुसतंच गरगर फिरलं. चेन फिरतेय, पाय फिरतायत, चाकाला पत्ताच नाही. तिने उतरून बघितलं, चेन जागेवर. चढून पुन्हा प्रयत्न केला. पाय हवेत मारल्यासारखे. वेगळाच विचार मनात आला तिच्या, पायातली ताकद गेली की काय!

विन्सेंटला फोन लावला. गोदामात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागायचे, तो वाजून वाजून थांबला. व्हेरोनिका सायकल ढकलत चालायला लागली. वारा असा की हातमोज्यातली बोटं कापून निघावीत. आश्रमात त्या दिवशी आधीच माणसं कमी होती, ती पोहोचली नसती तर म्हाताऱ्या ओल्या अंथरुणात पडून राहिल्या असत्या. हे तिच्या डोळ्यांपुढे दिसत होतं. आणि तेवढ्यात मागून दिवे आले, गाडी थांबली. ॲन्ड्रिया.

"व्हेरोनिका! बस गं, मरशील थंडीने."

व्हेरोनिका थबकली. हे एकच करायचं नाही असं ठरलेलं. पण बोटं बधिर, पाय बधिर, वेळ टळलेली. सायकल कुंपणाला बांधली आणि ती मागच्या सीटवर बसली. दोघींना मास्क होते. बसल्याबसल्या तिने आपल्या बाजूची काच खाली केली. बर्फाळ वारा आत आला, तिचे दात वाजायला लागले. थोडं अंतर गेल्यावर तिने काच वर केली. पुढचा रस्ता काही फार नव्हता.

दुपारी फोन बघून विन्सेंट तिला घ्यायला आला, तेव्हा तिने सगळं सांगितलं, काच वर केल्याचंसुद्धा. तिचं तसंच होतं, नवऱ्यापासून लपवायची बाई नव्हे. येताना वाटेत कुंपणाला बांधलेली सायकलही विन्सेंटने गाडीत टाकली. त्याने ती गल्लीत चालवून बघितली. दिवसभर ऊन खाल्लेली सायकल, धावली की भुर्रकन.

"अगं, चालते की छान! चेन उतरली असेल. थंडीत तुला कळलं नसेल."

"चेन नव्हती उतरली रे."

"मग गिअर मधेच अडकला असेल. घाबरलीस तू, दुसरं काय."

स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तरी व्हेरोनिकाला वाटायला लागलं, असेलही, आपणच घाबरलो असू. आणि विन्सेंट? सायकलीत खोट असेल असं त्याच्या मनालासुद्धा शिवलं नाही. इतकं ठासून ग्रीस भरलेलं!

त्याच आठवड्यात ॲन्ड्रियाचा फोन आला. रडत होती बिचारी. तिच्या घरात दीर आजारी पडला होता, मग ती. खोकला नंतर सुरू झाला, तिला तरी काय माहीत! मग सरकारी फोन, घराबाहेर पडू नका. मग नाकात काडी घालून तपासण्या. व्हेरोनिकाला आधीच थोडा ताप होता, तिची तपासणीही पॉझिटिव्ह आली. आश्रमात तिच्या बाजूला तोवर कोणालाच नव्हतं, म्हणजे कुठून आलं याला शंकेला जागाच राहिली नाही. ती खोलीत कोंडून घेऊन बसली. पण उशीर झाला होता. लुर्दिनबाय खोकायला लागली.

ॲम्ब्युलन्सवाले आले ते डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. तिने विन्सेंटचा हात धरला, त्यांनी तो हळूच सोडवला. "सॉरी मेट, यू कान्ट कम." दारातून स्ट्रेचर निघालं तेव्हा ती मागे वळून मराठीत म्हणत होती, "विन्सू, माझी माळ राहिली रे." विन्सेंट धावत आत गेला, माळ घेऊन आला आणि लांबूनच त्या प्लास्टिकच्या हातात दिली. व्हेरोनिका वरच्या खिडकीतून बघत होती, तोंडावर हात दाबून.

विन्सेंटला काही झालं नाही. हा एक विनोदच म्हणायचा, ज्याच्या हातून झालं तो ठणठणीत.

हॉस्पिटलमधली नर्स रोज टॅब्लेट धरून आईला दाखवायची. नाकात नळ्या, चेहरा एवढासा. पहिल्या दिवशी लुर्दिनबायची तक्रार एकच, "केस कोरडे पडलेत रे. माझी खोबरेलाची बाटली पाठव." खुद्द विन्सेंटला तर घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. शेजारच्या शैलेंद्रला दाराशी ठेवलेली पिशवी न्यायला सांगितली आणि विन्सेंट बाथरूममध्ये बाटली घ्यायला गेला. सवयीने हलवून बघितली. तेल घट्ट, पांढरं. बाहेर तसंच स्वच्छ आभाळ होतं, तशीच थंडी पडलेली. बाटली हातात धरून तो जागच्या जागी उभा राहिला. चाकातलं ग्रीसही असंच झालं असेल?

गॅरेजमध्ये जाऊन त्याने सायकल बघितली नाही लगेच. आधी बाटली गरम पाण्यात उभी केली, पुसली, पिशवीत घातली, बाहेर ठेवली. मग मागचं चाक काढून गवतावर नेऊन टाकलं. सकाळी त्या गवतावर पुन्हा पांढरा थर होता. विन्सेंटने चाक उचलून मांडीवर घेतलं आणि चेन बसते ते दाते फिरवले. पुढे फिरवले, फिरले. मागे फिरवले, फिरले. कुठे अडकलं नाही, करकरलं नाही, चाक जागचं हललं नाही. खिट्या त्याच्याच ग्रीसमध्ये रुतून बसल्या होत्या. त्याने बोटाने ग्रीस दाबून बघितलं. मेणासारखं कडक.

त्याने चाक गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली सरकवलं आणि हात धुतले. हात धुताना तो एकटाच मोठ्याने म्हणाला, "माझ्या देवा!"

दुपारी टॅब्लेटवर आई होती. नर्सने तिच्या केसांना तेल लावलं होतं, ते बघून विन्सेंटचा जीव कासावीस झाला. लुर्दिनबायला बोलताना धाप लागत होती, तरी विचारत होती.

"व्हेरोनिका बरी आहे ना?"

"बरी आहे आई. ताप उतरला."

"तिला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. आणि विन्सू... सायकलीत पाणी शिरू देऊ नकोस हां. ग्रीस भरलंस ना नीट?"

विन्सेंटने काळी नखं मुठीत लपवली.

"भरलं आई. नीट भरलं."

"शहाणा माझा," म्हातारी म्हणाली. त्यानंतर ती नीटसं कधी बोलली नाही. हॉस्पिटलच्या पाद्रींनी बाहेरच्या काचेपाशी उभं राहून प्रार्थना केली. भुईगावच्या चर्चमागे, नवऱ्याशेजारी तिची जागा राखून ठेवलेली होती, ती तशीच राहिली. ती वेरिबीला पुरली गेली. दफनाला हातावर मोजण्याइतकी माणसं. भाऊबंद सगळे भुईगावात एका मोबाइलभोवती गोळा झालेले, मधेच नेट गेलं आणि माती लोटायच्या वेळी पडद्यावर कोणाचीतरी गोठलेली तोंडं राहिली.

व्हेरोनिका बरी झाली, पण उठली नाही. कामाचा राजीनामा दिला. ताटातलं ताटात राहायचं. रात्रंदिवस एकच, "काच मी वर केली विन्सेंट. थोडी थंडी सोसली असती तर काय झालं असतं? सायकल तर ठीक होती. मीच घाबरले." हे ती त्याच्याच तोंडावर म्हणायची, आणि विन्सेंट तिच्या पाठीवरून हात फिरवत गप्प बसायचा. बोलायला तोंड उघडायचा, की आईचं "शहाणा माझा" कानात यायचं. मनात म्हणायचा, उद्या सांगू. उद्याचा परवा व्हायचा. भित्रेपणाच होता तो, दुसरं काय नाव द्यायचं! बायको डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि हा बाबा सॅण्डविच करून तिच्या उशाशी ठेवत होता.

मग सप्टेंबरमध्ये, जाता जाता थंडीने आणखी एक तडाखा दिला त्या आठवड्यात, व्हेरोनिका म्हणाली, "ती सायकल शैलेंद्रच्या बायकोला देऊन टाक. मंजिरीला नोकरी लागलीय, पहाटे जावं लागतं. चांगली चालते, तिला उपयोग होईल. मला ती डोळ्यांसमोर नको."

विन्सेंट म्हणाला, "नाही द्यायची."

"का नाही?"

"उद्या सकाळी दाखवतो."

सकाळी गवत पुन्हा पांढरं झालं होतं. चादरीखालचं चाक त्याने आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवलं होतं. व्हेरोनिका शाल गुंडाळून पायरीवर आली. त्याने चाक तिच्यापुढे धरलं.

"फिरव."

तिने दाते पुढे फिरवले, मागे फिरवले. चाक हललं नाही. ती त्या चाकाकडे बघतच राहिली.

"असंच झालं होतं त्या दिवशी," ती हळू म्हणाली. "अगदी असंच."

"ग्रीस गोठलंय आत. मी भरलेलं. ऊन लागलं की सुटतं, म्हणून मला दुपारी चालली. तू घाबरली नव्हतीस व्हेरो. तुझी काही चूक नव्हती."

"कधीपासून माहितीय तुला?"

विन्सेंट खाली बघत होता. "आईने खोबरेल मागवलं तेव्हापासून."

व्हेरोनिकाचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चढला. "ग्रीसचं मी समजले असते रे! कोणाच्याही हातून होईल. पण तू मला म्हणालास, घाबरलीस. आणि मग कळल्यावरही गप्प बसलास? मी रोज मरत होते तुझ्यासमोर! रोज!" तिने चाक त्याच्या हातातून हिसकावलं आणि गवतावर आपटलं. "आईला तरी सांगितलंस का?"

"नाही. ती विचारत होती ग्रीस भरलं का. मी म्हटलं, भरलं."

व्हेरोनिका पायरीवर जाऊन बसली. विन्सेंट तसाच उभा, हात काळे, नाक वाहतंय. त्याने माफी मागितली नाही. तिनेही दिली नाही. शेवटी ती म्हणाली, "साफ कर. माझ्यासमोर कर. सगळं काढ ते."

त्याने तिथेच बसून हब उघडला. बोटं आखडत होती, स्प्रिंग एकदा हातातून उडाली, ती दोघांनी गुडघ्यांवर बसून गवतात शोधली. खिट्यांतलं ग्रीस त्याने काडीने, चिंध्यांनी, रॉकेलने पार काढलं. मग, उशिरा का होईना, बापाचं तेल आठवलं आणि त्याने व्हेरोनिकाच्याच शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकले. बापाने टाकले असते तेवढेच. चाक बसवून त्याने सायकल उभी केली. व्हेरोनिकाने पॅडलला हात घालून चाक जोरात फिरवलं आणि हात सोडला.

करकर सुरू झाली. थंडीत लांबवर ऐकू जाईल अशी, स्वच्छ.

व्हेरोनिकाने खिडकीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, आले हं!"

मग तिला रडू कोसळलं, आणि चाक आपलं फिरतच राहिलं.